पिल्लाआधी त्याची आई

कुत्र्याचे पिल्लू विकत घ्यायला गेलेल्या माणसाची पाहणी बहुधा पिल्लापासून सुरू होते आणि पिल्लापाशीच संपते. परंतु लहान प्राण्यांच्या चिकित्सेत दीर्घकाळ काम केलेल्या पशुवैद्यकांचा अनुभव असा, की त्या पिल्लाच्या पुढील दहा-बारा वर्षांविषयीची सर्वाधिक माहिती त्याच्या आईकडे, ती जिथे व्याली त्या जागेकडे आणि तिला पाळणाऱ्या माणसाच्या उत्तरांकडे असते. पाच-सहा आठवड्यांचे कोणतेही पिल्लू मांडीवर ठेवले की ऊबदार, गुबगुबीत आणि निरोगीच भासते, आणि एकदा ते घरातल्या मुलांच्या हाती गेले की नंतर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे कशीही आली तरी व्यवहार सहसा मोडत नाही. पिल्लांचा व्यापार करणाऱ्यांना हे पुरेपूर ठाऊक असल्यामुळे ग्राहक दारात येताच ते प्रथम पिल्लू त्याच्या हातात देतात, आणि जाणता ग्राहक ते घेण्याआधी थांबतो. पाहणीचा क्रम हाच म्हणून पाहणीचा पहिला नियम मानावा लागतो: आधी दूरध्वनीवर चौकशी, मग जागा, मग आई, त्यानंतर कागद, आणि पिल्लाला हात लावायचा तो सर्वांत शेवटी.

भारतात या विषयाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले ते तुलनेने उशिरा. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम १९६० सालचा असला, तरी कुत्र्यांच्या पैदाशीविषयी स्वतंत्र नियम नव्हते. २०१५ साली विधी आयोगाने आपल्या २६१व्या अहवालात पाळीव प्राण्यांची दुकाने आणि श्वानपैदास यांच्या नियमनाची गरज मांडली, आणि मे २०१७ मध्ये केंद्र सरकारने श्वानपैदास व विक्रीविषयीचे नियम अधिसूचित केले. या नियमांनुसार पैदास करणाऱ्याने, ज्याला बाजारात सर्रास ‘ब्रीडर’ म्हटले जाते त्याने, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. नोंदणीचे प्रमाणपत्र दोन वर्षे वैध असते आणि ते जागेवर दिसेल असे लावावे लागते. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही; मादी किमान १८ महिन्यांची झाल्याशिवाय आणि ८ वर्षांची झाल्यानंतर तिच्यापासून पैदास करता येत नाही; बारा महिन्यांत एकाहून अधिक आणि आयुष्यात पाचांहून अधिक वेते तिच्याकडून घेता येत नाहीत. (‘वेत’ हा गाई-म्हशींच्या संदर्भात रुळलेला शब्द इथेही नेमका बसतो: एकदा व्याल्यावर झालेली सर्व पिल्ले मिळून एक वेत.) विशेष म्हणजे स्वतः पैदास न करता केवळ मध्यस्थी करणारा विक्रेताही या नियमांच्या व्याख्येत ‘ब्रीडर’च ठरतो, त्यामुळे ‘पिल्ले माझी नाहीत, मी फक्त देतो’ हे उत्तर जबाबदारीतून सुटका करून देत नाही.

नियम इतके स्पष्ट असूनही त्यांची तपासणी करणारी यंत्रणा प्रत्येक गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत किंवा सदनिकेच्या बंद केलेल्या सज्जात पोहोचत नाही, आणि अशा जागेत प्रत्यक्ष पाऊल ठेवणारी बाहेरची व्यक्ती बहुतेक वेळा एकच असते, ती म्हणजे ग्राहक. ग्राहकाची पाहणी ही त्याच्या स्वतःच्या पैशांची काळजी तर आहेच. पण ज्या मादीच्या वतीने कोणीही बोलणारे नाही, तिच्या स्थितीची तीच एकमेव तपासणी असते. या विषयाकडे याच गांभीर्याने पाहिले पाहिजे.

दूरध्वनीवरील संभाषणातच पुष्कळ गोष्टी उलगडतात. पिल्लू महामार्गावरच्या एखाद्या हॉटेलापाशी किंवा रेल्वे स्थानकाबाहेर ‘अर्ध्या वाटेवर आणून देतो’ असे सांगणारा विक्रेता वरकरणी ग्राहकाची सोय पाहत असतो, परंतु त्यामुळे जागा आणि आई या दोन्ही गोष्टी दृष्टीआड राहतात. ‘आई गावाकडे आहे’, ‘आई भागीदाराकडे असते’, ‘आईला नुकतेच फिरायला नेले आहे’ ही उत्तरे इतक्या ठिकाणी इतक्या वेळा दिली जातात, की त्यांतले एखादे खरे असण्याची शक्यता धरूनही तिथून पिल्लू न घेणेच योग्य ठरते. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या कायद्याने सहा महिन्यांहून लहान पिल्लाची त्रयस्थामार्फत विक्री बंद केली, आणि पिल्लू जिथे जन्मले तिथे आईसोबत पाहिल्यावरच ते घेता येईल अशी व्यवस्था केली. एका पैदासकेंद्रातून सुटका झालेल्या ‘ल्युसी’ नावाच्या स्पॅनिअल मादीवरून तो कायदा ओळखला जातो. इतका साधा नियम कायद्यात लिहावा लागला, यावरून आईला लपवण्याची प्रथा किती पसरली होती याची कल्पना येते.

आई समोर आल्यावर तिच्यात काय पाहावे, याबाबत ग्राहकांचा गोंधळ होतो, कारण दूध पाजणारी कुत्री कशी दिसते हे अनेकांनी पाहिलेले नसते. पाच-सात पिल्लांना दूध पाजणारी मादी थोडी रोडावलेली असणे, तिचे सड ओघळलेले असणे आणि व्याल्यानंतर काही आठवड्यांनी तिची केसगळ होणे हे सर्व स्वाभाविक आहे, आणि त्यावरून पाळणाऱ्याला दोष देणे अन्यायाचे होईल. मात्र कण्याची व माकडहाडाजवळची हाडे वर आलेली असणे, हिरड्या गुलाबी असण्याऐवजी पांढुरक्या असणे, कोपरांवर उघड्या सिमेंटच्या फरशीने पडलेले जाड घट्टे, न चालल्यामुळे वाढून वळलेली नखे, पिंजऱ्याचे गज चावून झिजलेले दात ही चिन्हे एका वेताची नसतात; ती वर्षानुवर्षांच्या बंदिवासाची असतात. कुत्री साधारणतः सहा-सात महिन्यांच्या अंतराने माजावर येते, गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो आणि त्यानंतरचे सहा ते आठ आठवडे पिल्लांना दूध पाजण्यात जातात. प्रत्येक माजाला तिला नरासमोर नेले तर दोन वेतांमध्ये शरीर भरून यायला जेमतेम तीन महिने उरतात. ‘बारा महिन्यांत एकच वेत’ या नियमामागील हे गणित ज्याला समजते, तो ग्राहक मादीचे वय आणि मागील वेताची तारीख हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाही, आणि प्रामाणिक पैदासकार या दोहोंची उत्तरे वहीत पाहून देतो.

आईचा स्वभाव पाहणे हे तिचे शरीर पाहण्याइतकेच महत्त्वाचे आहे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अनोळखी माणूस पिल्लांजवळ आल्यास ती गुरगुरली तर ते तिचे काम आहे. परंतु पिल्ले सात-आठ आठवड्यांची झाल्यावरही जी मादी मालकाचा हात पुढे येताच अंग चोरते, लघवी करते किंवा कोपऱ्यात थरथरत उभी राहते, तिच्या पिल्लांकडून निर्भय स्वभावाची अपेक्षा करता येत नाही, कारण भित्रेपणाचा काही अंश रक्तातून उतरतो आणि काही अंश पिल्ले आईच्या वागण्यातून उचलतात. दाखवलेली मादी खरोखर त्याच पिल्लांची आई आहे का, हेही पाहावे लागते. कधीकधी एखादी देखणी, तुकतुकीत कुत्री आई म्हणून पुढे आणली जाते, तिच्या सडांना दूध पाजल्याची कोणतीही खूण नसते, आणि पिल्ले सोडल्यावर ती त्यांच्यापासून दूर सरकते. वडील त्याच जागी असावेत असा आग्रह मात्र धरू नये. चांगला पैदासकार पुष्कळदा बाहेरचा नर निवडतो आणि त्याच्या मालकाला शुल्क किंवा पसंतीचे एक पिल्लू देतो. एकाच घरातील नर-मादीची जोडी असेल तर त्या दोघांचे एकमेकांशी नाते काय, हा प्रश्न उलट अधिक अगत्याने विचारावा.

जागेविषयी बोलताना स्वच्छतेचा उल्लेख सर्वच करतात, परंतु स्वच्छता नाकाने ओळखायची असते, आणि तीही सावधपणे. लघवीचा डोळ्यांना झोंबणारा वास वाईट असतो हे कोणालाही कळते. त्याउलट ग्राहक येण्यापूर्वी सगळीकडे ओतलेल्या फिनेलचा वास हे स्वच्छतेचे लक्षण समजले जाते, तसे ते नसते. पिल्लांच्या दृष्टीने सर्वाधिक भयंकर असा पार्व्हो विषाणू, जो १९७८ च्या सुमारास जगभर पसरला आणि ज्याने रक्तमिश्रित जुलाब व उलट्या होऊन लहान पिल्लू दोन-तीन दिवसांत दगावू शकते, तो नेहमीच्या अनेक जंतुनाशकांना दाद देत नाही. तो मरतो ब्लीचच्या योग्य द्रावणाने, आणि तसे न केल्यास जमिनीत व फटींमध्ये अनेक महिने तग धरतो. त्यामुळे ‘गेल्या काही महिन्यांत इथे एखादे पिल्लू जुलाबाने गेले आहे का’ हा प्रश्न कटू वाटला तरी विचारलाच पाहिजे, आणि त्याचे उत्तर देताना पैदासकार चिडतो की तपशील सांगतो याकडे लक्ष द्यावे. हाच विषाणू बुटांच्या तळव्यांवरून आणि कपड्यांवरून प्रवास करतो, म्हणून एका दिवसात चार ठिकाणची पिल्ले पाहत फिरण्याची पद्धत घातक आहे. तिसऱ्या ठिकाणच्या निरोगी पिल्लांना पहिल्या ठिकाणचा आजार नेऊन देणारा वाहक नेमका ग्राहकच ठरतो. जो पैदासकार दारातच पादत्राणे काढायला लावतो, हात धुवायला सांगतो, किंवा ‘आज आणखी कुठे जाऊन आलात का’ असे विचारून आत घ्यायला नकार देतो, त्याच्याबद्दल राग न धरता त्याचे नाव लक्षात ठेवावे.

एकाच जागी चार-पाच जातींची पिल्ले उपलब्ध असतील तर ती जागा पैदाशीची नसून गोदामाची असते, असे मानायला हरकत नाही. एखाद्या जातीचे रोग, स्वभाव आणि वंशावळ यांचा अभ्यास करणाऱ्याला एक, फार तर दोन जाती सांभाळतानाच आयुष्य पुरत नाही.

वयाचा मुद्दा सर्वाधिक विस्ताराने मांडणे भाग आहे, कारण महाराष्ट्रातील शहरांत पिल्लांचा व्यवहार ज्या वयात होतो ते वयच चुकीचे आहे. बाजारात ‘पंचेचाळीस दिवसांचे पिल्लू’ हा जणू प्रमाणित माल समजला जातो, आणि प्रत्यक्षात त्या नावाखाली तीस-पस्तीस दिवसांचीही पिल्ले दिली जातात; नियमाने आणि शास्त्राने ठरवलेली मर्यादा आठ आठवड्यांची, म्हणजे ५६ दिवसांची आहे. विक्रेत्याच्या दृष्टीने या दोन-तीन आठवड्यांचा अर्थ खाद्य, जंतनाशक आणि लस यांचा वाचलेला खर्च एवढाच असतो, तर ग्राहकाला पिल्लू जितके लहान तितका त्याला आपला लळा अधिक लागेल असे वाटते. या दोन्ही बाजूंच्या ओढीत पिल्लाचे जे नुकसान होते ते पुढे भरून काढणे अवघड असते. अमेरिकेतील मेन राज्यातल्या बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या वर्तनावर प्रदीर्घ संशोधन करून १९६५ साली ते ग्रंथरूपात मांडले, आणि त्यातून पिल्लाच्या आयुष्यातील साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांचा काळ हा सामाजिकीकरणाचा संवेदनशील काळ म्हणून सर्वमान्य झाला. सामाजिकीकरण म्हणजे आपल्या जातीचे प्राणी, माणसे, आवाज आणि वस्तू यांच्याशी निर्भयपणे वागायला शिकणे. या काळाचा पहिला अर्धा भाग आई आणि भावंडे यांच्यातच गेला पाहिजे. खेळताना जोरात चावले की भावंड किंचाळते आणि खेळ थांबवते, दूध पिताना दात लावला की आई उठून जाते, आणि या अनुभवांतून आपला जबडा किती आवळायचा हे पिल्लू शिकते. जे पिल्लू पाचव्या आठवड्यात एकटे घरी आले, ते पुढे हातांना आणि मुलांच्या घोट्यांना चावत राहते. मालक त्याला दुष्ट म्हणतात, परंतु ते अशिक्षित असते.

दुसरी बाजू रोगप्रतिकारशक्तीची आहे. पिल्लाला जन्मानंतर पहिल्या काही तासांत आईच्या चिकातून प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिने, मिळतात. ती सहाव्या ते सोळाव्या आठवड्यांदरम्यान हळूहळू ओसरतात, आणि जोवर ती रक्तात असतात तोवर लसीला निष्प्रभ करतात. प्रत्येक पिल्लात ती नेमकी कधी संपतील हे ठाऊक नसल्यामुळे सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, सोळा आठवड्यांपर्यंत लसीची मात्रा पुन्हा दिली जाते, आणि रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर. ‘सगळे लसीकरण झाले आहे’ असे सहा आठवड्यांच्या पिल्लाबद्दल जो सांगतो, त्याला लसीकरण कळत नाही किंवा तो खोटे बोलतो. वय पडताळण्याचा साधा मार्ग दातांचा आहे: आठ आठवड्यांच्या बहुतेक पिल्लांचे दुधाचे सर्व २८ दात आलेले असतात, फक्त अगदी छोट्या जातींत थोडा उशीर होतो; मागच्या हिरड्या रिकाम्या असतील तर सांगितलेल्या वयावर विश्वास ठेवू नये.

याच कारणासाठी एका भेटीत निर्णय करू नये. पिल्ले चार-पाच आठवड्यांची असताना पहिली भेट घेऊन, ती आईसोबत कशी वाढत आहेत ते पाहून, आठ आठवड्यांनंतर दुसऱ्या भेटीत पिल्लू घेणे ही उत्तम पद्धत होय. या अवधीत पिल्ले घराच्या वावरात आहेत की मागच्या पडवीत बंद आहेत हेही समजते. कुकरची शिट्टी, मिक्सरचा आवाज, दारावरची घंटा आणि लहान मुलांचा गलका ज्यांच्या कानांवरून रोज गेला आहे, ती पिल्ले पुढे दिवाळीच्या फटाक्यांतही तुलनेने सावरून राहतात.

कागदांविषयी समाजात मोठा गैरसमज आहे. ‘विथ पेपर’ आणि ‘विदाउट पेपर’ असे दोन भाव सांगितले जातात, आणि चेन्नईस्थित केनेल क्लब ऑफ इंडियाचे प्रमाणपत्र असलेले पिल्लू म्हणजे निरोगी पिल्लू असे ग्राहक गृहीत धरतात. वास्तविक ते प्रमाणपत्र वंशाचे असते, आरोग्याचे नसते. तरीही वाचता येणाऱ्याला त्यातून बरेच मिळते. मागील पिढ्यांत एकच नाव आईच्या आणि वडिलांच्या दोन्ही बाजूंना पुन्हा पुन्हा आढळत असेल तर जवळच्या नात्यात संकर झाला आहे, आणि अशा संकरात दडलेले आनुवंशिक दोष वर येण्याची शक्यता वाढते. कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा १५ अंकी क्रमांक कागदावरील क्रमांकाशी जुळतो का, हे स्कॅनरने तपासून दाखवायला सांगावे. लसीकरण पुस्तिकेत लसीच्या कुपीवरून काढून चिकटवलेली पट्टी, त्यावरील बॅच क्रमांक व मुदत, आणि पशुवैद्यकाची सही व नोंदणी क्रमांक हे सर्व असेल तरच ती नोंद खरी मानावी. नुसती तारीख आणि बरोबरची खूण यांना अर्थ नाही. आणि ‘डबल बोन’, ‘पंच फेस’, ‘शो क्वालिटी’, ‘टीकप’ हे जे शब्द दर वाढवण्यासाठी उच्चारले जातात, त्यांपैकी एकही शब्द आरोग्याविषयी काही सांगत नाही. ‘टीकप’ म्हणून विकले जाणारे पिल्लू तर पुष्कळदा अपुऱ्या वयाचे किंवा खुरटलेले असते.

एवढे सर्व पाहून झाल्यावर पिल्लाकडे वळावे. ते डोळ्यांत चिकटा, नाकात स्राव आणि शेपटीखाली विष्ठेचे डाग नसलेले, हिरड्या ओलसर गुलाबी असलेले असावे. पोट फुगलेले आणि फासळ्या मात्र हाताला लागणाऱ्या असतील तर जंत आहेत असे समजावे. गोल जंतांची लागण आईच्या गर्भातूनच होत असल्यामुळे दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी जंतनाशक देण्याची नोंद पैदासकाराकडे हवी. बेंबीपाशी मऊ गाठ, टाळूला फट, कानांत काळसर मळ व खाज, त्वचेवर गोलाकार केस गेलेले चट्टे (हा नायटा माणसांनाही होतो), नरपिल्लाचे दोन्ही अंडकोष खाली उतरले आहेत का, हे सर्व दिवसाच्या उजेडात पाहावे. स्वभाव पाहण्यासाठी थोड्या अंतरावर किल्ल्यांचा जुडगा टाकावा: दचकणे स्वाभाविक आहे, परंतु दचकून काही क्षणांत वास घ्यायला पुढे येणारे पिल्लू घरासाठी चांगले. ‘ज्याने आपल्याला निवडले’ ते धावत अंगावर येणारे पिल्लू केवळ सर्वांत धीट असते, आणि कोपऱ्यात बसून राहणाऱ्याची कीव येऊन ते घेणे हेही शहाणपणाचे नाही.

प्रत्येक जातीचा स्वतःचा एक दुखरा भाग असतो आणि तो आधी माहीत करून घ्यावा. २००३ च्या सुमारास एका मोबाइल सेवेच्या जाहिरातीत पग झळकला आणि पुढील अनेक वर्षे या जातीची मागणी वाढत राहिली. चपट्या तोंडाच्या या जातीत नाकपुड्या चिरेइतक्या अरुंद आणि टाळूचा मऊ भाग घशात लोंबणारा असतो, त्यामुळे मे महिन्यातील उष्म्यात कित्येकांना श्वास पुरत नाही. अशा जातीत आई स्वस्थ बसलेली असताना तिचा श्वास ऐकावा. जागेपणी घोरणारी आई हे गोंडस दृश्य नाही. जर्मन शेफर्ड आणि लॅब्रॅडोर यांत खुब्याच्या सांध्याची खोबण उथळ राहण्याचा आनुवंशिक दोष आढळतो, आणि त्यासाठी आई-वडिलांच्या खुब्यांचे क्ष-किरण छायाचित्र मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. अमेरिकेतील व्यवहारात या छायाचित्राची अंतिम प्रतवारी कुत्रा २४ महिन्यांचा झाल्यावरच दिली जाते, त्यामुळे कायद्याने १८ महिन्यांची मुभा दिली असली तरी खरा पैदासकार दोन वर्षे थांबतो. हस्कीसारख्या बर्फाळ प्रदेशातील दुहेरी लोकरीच्या कुत्र्याला नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ठेवणे मात्र कोणत्याही तपासणीने समर्थनीय ठरत नाही.

या सर्व निकषांवर महाराष्ट्राच्या स्वतःच्या जातीकडे पाहिले असता एक वेगळे चित्र दिसते. लातूर, सोलापूर, सांगली या पट्ट्यात आणि कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातील मुधोळच्या परिसरात सांभाळलेला कारवानी, ज्याच्या कान-शेपटीवर लांब केस असणाऱ्या प्रकाराला पश्मी म्हणतात, तो शेतकऱ्यांच्या आणि मेंढपाळांच्या दारात वाढत आला आहे. मुधोळ संस्थानच्या घोरपडे घराण्याने या कुत्र्यांना राजाश्रय दिला, २००५ साली भारतीय टपाल खात्याने ‘मुधोळ हाउंड’ या नावाने याच जातीचे चित्र असलेले तिकीट काढले, आणि मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वानसंशोधन केंद्र आहे. एखाद्या वस्तीवर कारवानी पाहायला गेल्यास तिथे प्रमाणपत्र, फरशी किंवा पाटी यांपैकी काही आढळणार नाही. परंतु आई समोर मोकळी फिरत असते, बाप बहुधा शेजारच्या रानात असतो, आजीची कीर्ती गावाला ठाऊक असते, आणि धावून दाखवल्याशिवाय कुत्र्याला कोणी चांगले म्हणत नाही. म्हणजे जे पाहण्यासाठी शहरात झगडावे लागते ते इथे न मागता दिसते. उणीव असते ती लस आणि जंतनाशक यांची, आणि गोचिडांमुळे होणाऱ्या तापाची भीती असते. म्हणून असे पिल्लू आठ आठवडे आईपाशी राहू द्यावे, तोवरच्या लसीचा व औषधाचा खर्च ग्राहकाने आधी द्यावा, असा सौदा दोघांच्याही हिताचा ठरतो. मात्र सडपातळ बांधा ही या जातीची घडण आहे, त्यामुळे मोठ्या कुत्र्याच्या शेवटच्या फासळ्या दिसल्या म्हणून त्याला उपाशी समजू नये. आणि रोज मोकळे धावण्याची जागा नसलेल्या माणसाने ही जात घेऊच नये.

पैसे देण्यापूर्वी एक अट लेखी करून घ्यावी: पिल्लू घरी नेल्यापासून दोन-तीन दिवसांत ग्राहकाच्या पसंतीच्या पशुवैद्यकाकडून तपासणी होईल, आणि गंभीर दोष निघाल्यास पिल्लू परत घेऊन रक्कम दिली जाईल. पार्व्होची लक्षणे लागणीनंतर तीन ते सात, क्वचित चौदा दिवसांनी दिसतात, म्हणून पहिल्या पंधरवड्यातील आजारपणाचाही उल्लेख त्यात हवा. जबाबदार पैदासकार ही अट मान्य करतोच, शिवाय स्वतःच्या अटी घालतो: घर भाड्याचे आहे का, दिवसभर घरी कोण असते, याआधी पाळलेल्या कुत्र्याचे काय झाले, आणि कधीही सांभाळणे अशक्य झाले तर कुत्रा माझ्याकडेच परत द्यावा. ग्राहकाला एकही प्रश्न न विचारता पिल्लू देणारा माणूस त्या पिल्लाचे पुढे काय होणार याचा विचार करत नसतो.

सर्वांत अवघड प्रसंग असतो तो दुर्दशा पाहूनही पाय निघत नाही तेव्हाचा. अंधाऱ्या खोलीत, ओल्या गोणपाटावर आजारी पिल्ले दिसली की ‘निदान एकाला तरी वाचवू’ या भावनेने पैसे दिले जातात, आणि ती भावना खरी व आदरणीय असते. परंतु त्या पैशांनी पिंजरा रिकामा होतो आणि त्याच मादीचे पुढचे वेत त्यात येते. अशा वेळी रिकाम्या हाताने बाहेर पडावे, त्याच दिवशी जागेचा पत्ता, तारीख, शक्य असल्यास छायाचित्रे, माद्यांची व पिल्लांची अंदाजे संख्या आणि पाहिलेली स्थिती यांची नोंद करून राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे, जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे आणि स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी, व तिची पोच घ्यावी. ज्यांनी ती जागा डोळ्यांनी पाहिली आहे त्यांनीच ही तक्रार करायची आहे; त्यांच्याशिवाय ती करू शकेल असे दुसरे कोणी तिथे जात नाही.